ताटाखालचे मांजर आणि मतपेटीचा राखणदार

३ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यात राज्यपालांच्या नावाने एक आदेश निघाला. राज्याच्या विधी सचिवांनी आपल्या मूळ कामाच्या जोडीने राज्य निवडणूक आयुक्तपदाचा कार्यभारही सांभाळावा, असा त्याचा आशय होता. सरकारी कार्यालयांत ‘अतिरिक्त कार्यभारा’ची पत्रे नित्य निघत असतात. कोणी रजेवर जातो, कोणी निवृत्त होतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात आणखी एक खाते पडते. वरवर पाहता या आदेशातही चमकण्यासारखे काही नव्हते.

पण क्षणभर थांबून त्या खुर्चीकडे पाहा. विधी सचिव म्हणजे सरकारचा कायदेविषयक सल्लागार. त्याचा पगार, त्याची बदली, त्याचा गोपनीय अहवाल हे सारे सरकारच्या हाती असते. निवडणूक आयुक्त म्हणजे त्याच सरकारातील पक्ष ज्या आखाड्यात उतरतो, त्या आखाड्याचा पंच. एकच माणूस सकाळी मल्लाचा वस्ताद आणि दुपारी पंच झाला, तर कुस्ती निकाली कशी म्हणायची?

चार महिन्यांतच या प्रश्नाला तोंड फुटले. नगरपालिकांच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. कोणता प्रभाग स्त्रियांसाठी, कोणता अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव, हे ठरवणारा आदेश नगरप्रशासन संचालकांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी काढला. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्या. संविधान सांगते की स्त्रियांसाठी ‘एकतृतीयांशापेक्षा कमी नाही’ इतक्या जागा राखून ठेवाव्यात. या तीन शब्दांत मोठे गणित दडले आहे. समजा, पालिकेचे २५ प्रभाग आहेत. त्याचा एकतृतीयांश आठ आणि वर एक अपूर्णांक. कारकुनी हिशेबाने अपूर्णांक सोडून आठ जागा दिल्या, तर त्या एकतृतीयांशापेक्षा कमीच भरतात. संविधानाच्या हिशेबाने नऊच द्याव्या लागतात. एका शहरात एक स्त्री, एवढाच फरक. पण जिच्या प्रभागाची पाटी बदलते, तिच्यासाठी तोच फरक पाच वर्षांचा असतो.

१ मार्च २०२१ रोजी उच्च न्यायालयाने मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरता तो आदेश रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, भूषण गवई आणि हृषीकेश रॉय यांच्या पीठाने १२ मार्चला जो निकाल दिला, तो आरक्षणाच्या पलीकडे गेला. पीठाला सर्वाधिक अस्वस्थ केले ते निवडणूक घेणाऱ्या माणसाच्या नेमणुकीने. सरकारी नोकरीत असलेल्या व्यक्तीकडे हे पद देणे ही संविधानाची थट्टा आहे, असे न्यायालयाने सुनावले. आणि एवढ्यावर न थांबता देशातील सर्व राज्यांना आदेश दिला: राज्य निवडणूक आयुक्त हा केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत नसलेला स्वतंत्र माणूसच असला पाहिजे, जेथे तसा नसेल तेथे त्याने पद सोडावे आणि नवी नेमणूक व्हावी.

निकाल योग्यच होता. मला मात्र तो वाचताना वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले होते. पंच हा मल्लाचा चाकर नसावा, हे सांगायला प्रजासत्ताकाची ७१ वर्षे का लागावीत?

याचे उत्तर शोधण्यासाठी १५ जून १९४९ या दिवसाकडे जावे लागते.

त्या दिवशी संविधान सभेत मसुद्याचे अनुच्छेद २८९ चर्चेला आले. आज आपण त्याला अनुच्छेद ३२४ म्हणून ओळखतो. मूळ मसुद्यात प्रत्येक प्रांतासाठी वेगळा निवडणूक आयोग कल्पिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो बेत बदलून संसद आणि विधिमंडळे या दोहोंसाठी एकच केंद्रीय आयोग सुचवला. संघराज्याच्या तत्त्वाला हा मोठाच छेद होता आणि त्याची जाणीव त्यांना होती. पण कारणही तसेच होते. काही प्रांतांत बहुसंख्य समाजाहून वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीत येऊ नयेत अशी व्यवस्था स्थानिक सरकारे करीत आहेत, अशा तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. प्रौढ मताधिकार कागदावर मिळाला आणि यादीतून नाव गळाले, तर त्या मताधिकाराचे लोणचे घालायचे का? म्हणून निवडणुकीची सूत्रे प्रांतिक सरकारांच्या हातून काढून घ्यावीत, हा त्यांचा आग्रह.

यावर शिब्बनलाल सक्सेना उभे राहिले. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढून टाकणे अवघड केले, हे उत्तम झाले; पण त्याची नेमणूक राष्ट्रपती करणार म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधानच करणार, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांची दुरुस्ती अशी की, नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोनतृतीयांश बहुमताने संमती मिळावी. म्हणजे सत्ताधारी पक्षाबाहेरच्या लोकांचाही त्या माणसावर विश्वास असला पाहिजे. हृदयनाथ कुंझरूंनीही मसुद्यातील तरतुदी आयोगाला सरकारच्या प्रभावापासून पुरेशा दूर ठेवीत नाहीत, अशी चिंता व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी दिलेले उत्तर प्रत्येक इतिहासप्रेमीने मुळातून वाचावे असे आहे. मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्याच मसुद्यातील भोक दाखवतो, असा तो दुर्मीळ प्रसंग आहे. सक्सेनांच्या म्हणण्यात बरेच तथ्य असल्याचे त्यांनी मान्य केले. पदावरच्या माणसाला कितीही अभय दिले, तरी त्या पदावर मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस बसूच नये अशी तरतूद संविधानात नसेल, तर त्या अभयाचा उपयोग नाही, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. मुठीतला माणूस म्हणजे आपल्या मराठीत ताटाखालचे मांजर. अशा मांजराला कोणी घराबाहेर काढू शकणार नाही अशी सोय केली, तर दूध आणखीच निर्धास्तपणे संपते!

तोडगा मात्र अपुरा निघाला. राष्ट्रपतींसाठी मार्गदर्शक सूचनांचे एक पत्र जोडावे, असा विचार त्यांनी बोलून दाखवला. तो पुढे मागे पडला. नेमणूक संसदेच्या कायद्याच्या अधीन राहील, एवढे शब्द अनुच्छेदात घातले गेले. तो कायदा यायला डिसेंबर २०२३ उजाडला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये निकाल दिल्यानंतर. सुकुमार सेन यांच्यासारखा पहिलाच माणूस अव्वल निघाला, १९५१-५२ ची अचाट निवडणूक पार पडली आणि भोक तसेच राहिले. पहिला माणूस चांगला निघणे हे कधीकधी संस्थेच्या मुळावर येते, कारण मग नियम करण्याची निकड कोणालाच भासत नाही.

आता गावाकडे वळू. १९४९ ची सारी चर्चा संसद आणि विधानसभा यांच्या निवडणुकांची होती. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका त्यात नव्हत्याच. ज्या प्रांतिक सरकारांवर मतदारयादीच्या बाबतीत विश्वास टाकायला संविधान सभा तयार नव्हती, त्याच सरकारांच्या हाती गावाच्या निवडणुका पुढची चार दशके राहिल्या. त्या कधी घ्यायच्या, घ्यायच्या की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर असे. १९९२ च्या डिसेंबरात संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली, त्या १९९३ मध्ये अमलात आल्या, आणि अनुच्छेद २४३-के नुसार प्रत्येक राज्यात राज्य निवडणूक आयोग आला. महाराष्ट्राचा आयोग १९९४ चा.

हा अनुच्छेद बारकाईने वाचा. मतदारयाद्या तयार करणे आणि निवडणुका घेणे यांचे अधीक्षण, निदेशन आणि नियंत्रण आयोगाकडे. आयोग म्हणजे एकच माणूस. त्याला काढायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने आणि ज्या कारणांसाठी काढता येते, तसेच. नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याचे नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. हे सगळे भक्कम आहे. पण तो माणूस कोण असावा? नेमणूक राज्यपाल करतील. बस्स. वय, अनुभव, पात्रता, स्वातंत्र्य यांविषयी अक्षर नाही. ते राज्याच्या कायद्यावर सोडलेले. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे वेगळे सांगायला नको. सक्सेनांनी १९४९ मध्ये दाखवलेले भोक १९९२ मध्ये जसेच्या तसे गावापर्यंत पोहोचले. बाहेर पडण्याच्या दाराला सात कुलपे आणि आत येण्याचे दार सताड उघडे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचाच असतो, हे गृहीतक बरोबर आहे का? आपल्याच इतिहासात याचे खणखणीत उत्तर आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्यासाठी खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून विरोध नोंदवणारे जोतीराव होते. नेमणूक सरकारची, जीभ स्वतःची. त्यामुळे नेमणूक झाली म्हणजे मिंधेपणा आलाच, असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या सभागृहात जोतीरावांच्या बाजूने किती हात वर गेले, हेही आठवावे. ते त्या विरोधात एकाकी होते. प्रत्येक नेमणुकीत एक जोतीराव मिळेल, या भरवशावर राज्यव्यवस्था उभी करता येत नाही. आणि जोतीरावांचे पोट सरकारी पगारावर नव्हते, हेही विसरू नये. ते स्वतः बांधकामांची कंत्राटे घेणारे उद्योजक होते. स्वातंत्र्याला चारित्र्य लागते, तसे पायाखाली थोडी स्वतःची जमीनही लागते.

मग पात्रता लिहून ठेवली की काम झाले? आंध्र प्रदेशात २०२० साली जे घडले, ते पाहता तसेही म्हणवत नाही. मार्च महिन्यात तेथील राज्य निवडणूक आयुक्त एन. रमेश कुमार यांनी कोविडचे कारण देऊन स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. सरकारला ते रुचले नाही. एप्रिलमध्ये अध्यादेश निघाला: आयुक्ताची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षे, आणि पात्रता अशी की तो उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश असावा. रमेश कुमार प्रशासकीय सेवेतले. म्हणजे एका कागदाने ते मुदतीतूनही गेले आणि पात्रतेतूनही गेले. लगेच एका निवृत्त न्यायमूर्तींची नेमणूकही झाली. कागदावर पाहिले तर पात्रता उंचावली होती. न्यायाधीशापेक्षा निःपक्षपाती कोण? पण ती उंचावली होती ती चालू सामन्यात, एका विशिष्ट पंचाला मैदानाबाहेर काढण्यासाठी. २९ मे रोजी उच्च न्यायालयाने अध्यादेश रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देण्यास नकार दिला आणि रमेश कुमार पुन्हा खुर्चीवर आले. पात्रतेचा नियम कोणता, याइतकेच तो केव्हा आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला, हे महत्त्वाचे असते.

या ठिकाणी उत्तरमेरूरचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यातील या गावी चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील दोन शिलालेख आहेत, इ.स. ९१९ आणि ९२१ च्या सुमाराचे. ‘हजार वर्षांपूर्वीची भारतीय लोकशाही’ म्हणून त्यांच्याविषयी छाती फुगवणारे संदेश सतत फिरत असतात. थोडे भान ठेवून वाचावेत. ते ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते. जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन असलेल्या पुरुषांनाच समित्यांवर जाता येई. गावातील बहुसंख्य माणसे त्या मडक्यातील चिठ्ठ्यांत नव्हतीच.

तरीही कार्यपद्धतीच्या अभ्यासकाने थक्क व्हावे असा तो मजकूर आहे. वयाची अट ३५ ते ७०. आधीच्या समितीवर असताना हिशेब न दिलेला माणूस अपात्र, आणि त्याच्याबरोबर त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. गेल्या तीन वर्षांत समितीवर राहून गेलेला अपात्र. तीस वाड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या. पुजाऱ्यांपैकी ज्येष्ठाने मडके सर्वांना दिसेल असे उंच धरायचे. आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या लहान मुलाने चिठ्ठी काढायची. ती चिठ्ठी घेणारा जो असे, त्याला ‘मध्यस्थ’ म्हणत. त्याने ती घ्यायची कशी, हेसुद्धा दगडावर कोरले आहे: पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर. मग त्याने ती वाचायची आणि नंतर उपस्थित पुजाऱ्यांनीही ती वाचायची.

बोटे पसरलेली का? मुठीत दुसरी चिठ्ठी लपवता येऊ नये म्हणून. मध्यस्थ चांगला माणूस आहे की नाही, या वादात त्या गावाने वेळ घालवला नाही. चांगला असो वा नसो, हात उघडा ठेव, एवढेच सांगितले. आणि पहिल्या शिलालेखातील नियम अपुरे वाटले म्हणून दोनच वर्षांत ते सुधारले! आपल्याला १९४९ ते २०२१ लागले, त्या शेजारी ही दोन वर्षे ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही.

महाराष्ट्राच्या आयोगाचा इतिहासही कमी नाट्यमय नाही. मार्च २००८ मध्ये विधानसभेने तत्कालीन राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली. आपले पद घटनात्मक आहे, ही भूमिका घेऊन त्यांनी विशेषाधिकार समितीपुढे जाण्यास नकार दिला होता. त्यांचे बरोबर की चूक, यावर कायद्याच्या अभ्यासकांनी खुशाल भांडावे. पण ज्या सभागृहातील पक्षच गावोगावच्या निवडणुका लढवतात, त्या सभागृहाने पंचाला तुरुंगात धाडले, हे दृश्य विसरण्यासारखे नाही. न्यायाधीशासारखे अभय संविधानाने दिले होते; ते पदावरून काढण्यापुरते निघाले.

मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये यू.पी.एस. मदान यांची मुदत संपली आणि नवे आयुक्त दिनेश वाघमारे यांची नेमणूक झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. आयुक्ताची मुदत कोणत्या दिवशी संपणार, हे तो रुजू होतो त्या दिवशीच ठाऊक असते. तरी खुर्ची चार महिने रिकामी राहिली. त्या काळात राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. मुंबई महानगरपालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. निवडणुका रखडण्याचे मुख्य कारण आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे खटले हे होते, रिकामी खुर्ची नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. पण जेथे आधीच पंचाची निकड सर्वाधिक होती, तेथेच पंच नेमण्याची घाई कोणाला नव्हती, हेही तितकेच खरे.

म्हणून माझे मत असे. निवृत्त सनदी अधिकारी या पदावर नकोत, हा टोकाचा सूर मला पटत नाही. आयोगाकडे स्वतःचे मनुष्यबळ तुटपुंजे. निवडणुकीला कर्मचारी मागायचे ते राज्यपालांमार्फत सरकारकडेच. जिल्हाधिकारी, तहसीलदार, शिक्षक, तलाठी यांच्याकडून काम करून घ्यायचे, तर ती यंत्रणा आतून ओळखणारा माणूस उपयोगीच पडतो. तो प्रशासनातून आला, याला हरकत नाही. त्याला एकट्या मंत्रिमंडळाने बंद दाराआड निवडले, याला हरकत आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या स्थानिक शासनविषयक अहवालात उपाय सांगितला होता: मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांच्या समितीच्या शिफारशीवरून राज्यपालांनी आयुक्त नेमावा. या तिघांत दोन मते सत्ताधाऱ्यांचीच असणार, हे उघड आहे. तरीही विरोधी पक्षनेत्याला नावे आधी कळतात, त्याची असहमती कागदावर उमटते आणि ती उद्या एखाद्या इतिहासकाराच्या हाती लागते. मूठ निदान अर्धी उघडते. त्याला जोडून पात्रतेचे निकष मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी जाहीर व्हावेत, नेमणूक जागा रिकामी होण्यापूर्वीच व्हावी, आणि पदावरून उतरलेल्या आयुक्ताला त्याच सरकारचे दुसरे पद मिळू नये. अनुच्छेद २४३-के ने हे सारे राज्याच्या कायद्यावर सोडले आहे, तेव्हा घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. विधिमंडळाच्या एका अधिवेशनाचे काम आहे.

गोव्यातल्या त्या पाच शहरांचे पुढे काय झाले? आरक्षणाची आखणी नव्याने झाली, आणि २३ एप्रिल २०२१ रोजी मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे व सांगे येथे मतदान झाले.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी संविधान सभेतील १५ आणि १६ जून १९४९ ची भाषणे सलग वाचावीत. ती सहज उपलब्ध आहेत. त्यानंतर आपापल्या राज्याच्या राजपत्रात तीन तारखा शोधाव्यात: मागील आयुक्ताची मुदत संपली तो दिवस, नव्याची नेमणूक झाली तो दिवस, आणि आपल्या पालिकेची किंवा पंचायतीची निवडणूक जाहीर झाली तो दिवस. सापडल्या तर खाली लिहा. पुढचा धागा त्या तारखांवरच विणू.